शून्य नंबरची खोळ

१

मॅनेजरने टेबलावर सात वस्तू मांडल्या होत्या आणि तो त्यांच्यामागे असा बसला होता, जणू समुद्राच्या तळातून त्याने स्वतः बुडी मारून त्या वर आणल्या होत्या.

एक चष्मा. दोन चमचे. डाव्या पायाची सपात. टीव्हीचा रिमोट. कवळीची डबी, आत कवळी. आणि पारदर्शक पिशवीत चुरगळलेले, ओले, फाटके कागद.

“सगळं आजींच्या खणात सापडलं,” तो म्हणाला. “चमच्यांचं आम्ही हसण्यावारी नेलं. पण ही औषधवहीची पानं आहेत. सोमवारी वही गायब झाली, काल मंगळवारी पानं मिळाली. बाकीची वही आजींनी कुठे फेकली देव जाणे. आणि उद्या तपासणी समिती येतेय.”

टेबलाच्या अलीकडे बसलेल्या बाईला तिच्या जुन्या कचेरीत जळीतबाई म्हणत. बत्तीस वर्षं तिने विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासली होती. राखेत काठी फिरवून आग लागली की लावली, हे ती चहा निवायच्या आत सांगायची. निवृत्तीनंतरही नाव टिकलं, कारण ते तिच्या स्वभावालाही शोभत होतं. विसराळू झालेल्या माणसांच्या या निवासात तीन वर्षांपासून राहणारी ‘आजी’ म्हणजे तिची वहिनी, थोरल्या भावाची विधवा.

“मग आता?” जळीतबाईने विचारलं.

“शुक्रवारी दुपारी वरचा मजला. तुमच्या भाच्याने, आजींच्या मुलाने, फोनवर संमती दिलीय.”

वरचा मजला म्हणजे काय, हे निवासात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या दाराला कडी बाहेरून होती. वर गेलेलं माणूस खाली यायचं ते थेट रुग्णवाहिकेत बसायला.

“आजींच्या भल्यासाठीच हो,” मॅनेजर म्हणाला. ‘भल्यासाठी’ हा शब्द त्याच्या तोंडात लिमलेटच्या गोळीसारखा कायम विरघळत असायचा.

जळीतबाईचे डोळे काम करत होते. मॅनेजरच्या मागे छोटी विश्रांतीची खोली, दार उघडं. आत कोच, कोचावर उघडीवाघडी उशी, बिनखोळीची. भिंतीशी काचेचं कपाट, आत बावीस जाडजूड वह्या, प्रत्येक रहिवाशाची एक, वर सोनेरी अक्षरं: ‘माझी ओळख’. कपाटाला कुलूप.

“ओळखवह्या कुलपात का? त्या तर प्रत्येकाच्या खोलीत असायच्या.”

“हाताळून खराब होतात. समितीला स्वच्छ दाखवाव्या लागतात ना.” तिची नजर मागे गेलेली पाहून त्याने उठून विश्रांतीच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या साखळीला अडकवली. “महत्त्वाचे कागद असतात आत. किल्ली एकच, माझ्याकडे. शिस्त म्हणजे शिस्त.”

जळीतबाईने पुन्हा टेबलाकडे पाहिलं. चष्म्याच्या दांडीला पांढऱ्या कापडाची बोटभर पट्टी दोऱ्याने बांधली होती, पट्टीवर शाईचा आकडा: १४. चमच्यांना पट्ट्या होत्या. सपातेला, रिमोटला, डबीलाही.

सहा वस्तूंना पट्टी होती. सातवीला नव्हती.

२

दुपारचे तीन वाजले होते आणि वहिनी खुर्चीत बसवलेल्या गाठोड्यासारखी कलंडली होती. हनुवटी छातीवर, ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची रेघ. ही बाई दुपारी झोपायची नाही. आयुष्यात कधी झोपली नव्हती.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे महिनाभर जळीतबाई आली नव्हती. महिन्यात माणूस इतकं उतरतं?

“वहिनी. अहो वहिनी. मी आलेय.”

वहिनीने पापण्या मोठ्या कष्टाने उचलल्या. पूर्वी या वेळी म्हणायची, “आलात का वन्सं? आज कुणाचं घर जळालं?” आणि स्वतःच खो खो हसायची. आज नजर आली, कोटावर अडकली आणि तिथेच थांबली. मग तिचा थरथरता हात पुढे आला, सरळ जळीतबाईच्या कोटाच्या उजव्या खिशात शिरला, आणि पेन बाहेर आलं. डाव्या खिशातून रुमाल आला. आतल्या खिशातून बसचं तिकीट.

“खिसे बघून द्यावेत,” वहिनी जड जिभेने पुटपुटली. “पेन फुटलं तर अख्खा कोट जातो.”

तिने उशीखालून पांढरी पट्टी काढली आणि ती पेनाला बांधायला लागली. बोटं थरथरत होती, पण गाठ मात्र पहिल्याच खेपेला बसली. पट्टीचा अर्धा भाग फाडून तिने जळीतबाईच्या हातावर ठेवला. पावती.

एकतीस वर्षं ही बाई ड्रायक्लीनरच्या काउंटरवर उभी होती. नवऱ्याचं नाव डोक्यातून गेलं, मुलाचा चेहरा गेला, पण बोटांनी काही सोडलं नव्हतं.

जळीतबाईने पट्टी नाकाशी नेली. जुन्या चादरीची किनार. खळीचा वास.

खळ या इमारतीत एकाच ठिकाणी असते: तळघरातल्या धुलाईघरात. आणि रहिवाशांना तळघरात जायला बंदी होती.

३

सिस्टर औषधांची गाडी पुसत होती. गाडी स्वच्छच होती.

“औषधवही तुमच्या ताब्यात होती ना?” जळीतबाईने नमस्काराऐवजी हेच विचारलं.

“होती. सोमवारी साडेअकराला गाडीवर होती. मी जेवणाची ताटं बघायला गेले, आले तर नाही.” सिस्टरचे डोळे लाल होते. “ताईंनी घेतली म्हणतात.”

“तुम्ही ताई म्हणता. मॅनेजर आजी म्हणतो.”

“ओळखवहीचं पहिलं पानच ते आहे. तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होते, आठवतं? ‘मला आजी म्हणायचं नाही. मी कुणाची आजी नाही. ताई म्हणा.’” सिस्टरचा आवाज जरा मोकळा झाला. “मग काउंटरचे नियम. कपडा घेताना आधी खिसे बघते. सापडलेल्या वस्तूला गिऱ्हाइकाचा नंबर बांधते. वस्तू काउंटरजवळच्या पेटीत राहते. आठवड्यात कुणी न्यायला आलं नाही, तरच आतल्या कपाटात. पावती हरवली असेल तर वस्तूची खूण सांगा. ताईंशी बोलायचं असेल तर गिऱ्हाईक होऊन बोला.”

“पाठ आहे की.”

“मला आहे. दोन महिन्यांत ज्या नव्या बायका लागल्या, त्यांनी वहीचं बाहेरचं तोंडही पाहिलेलं नाही. आणि साहेब... कुलूप त्यांनी लावलं. त्याआधी एकदा तरी उघडून बघितली का, मला नाही वाटत.”

“वहिनीला दुपारी कसली गोळी देता?”

फडकं थांबलं.

“शांत राहायची.”

“कुणी लिहून दिली? दर आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांनी?”

“ती... ‘गरजेनुसार’ द्यायची असते.”

“गरज कुणाची?” जळीतबाईचा आवाज चढला नाही, तो खाली उतरला, आणि तिला ओळखणारी माणसं तेवढ्यानेच खुर्ची मागे सरकवत. “खिसे तपासते, पट्ट्या बांधते, इथून तिथे फिरते. ही व्याधी आहे की काम? पूर्वी खालच्या मजल्यावर दुपारी सहा बायका असायच्या कामाला. आज मी तीन मोजल्या. कमी झालेल्या तिघींचं काम गोळ्या करतात ना?”

सिस्टरने गाडी वळवली. “मला काही बोलायचं नाही.” चाकं दूर जाईपर्यंत बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या.

४

धुलाईघराला अर्धं दार होतं: खालची फळी बंद, वरची उघडी, मध्ये हातभर रुंद फळकूट. अगदी काउंटर. आत वाफ, खळ, आणि घामाने निथळणारे इस्त्रीवाले काका.

“इथे कुणी रहिवासी येत नाही,” विचारायच्या आधीच ते म्हणाले.

“मी कुठे विचारलं?”

काका ओशाळले. जळीतबाईने फळकुटावरून आत पाहिलं. दोन स्टुलं, चहाचे दोन कप. एका स्टुलावर घडी घातलेली उशी, म्हाताऱ्या कंबरेला टेकायला. खाली झाकणाची मोठी लाकडी पेटी.

“काका, मी विमेवाली. नोकरी घालवणारी मी नव्हे. तुमच्या चहाच्या सोबतिणीला शुक्रवारी वर कोंडणार आहेत.”

इस्त्री बाजूला ठेवली गेली.

“अकरा ते एक,” ते खाली बघत म्हणाले. “दोन वर्षं झाली. सामानाच्या लिफ्टने मीच आणतो, मीच पोचवतो. एकदा पकडलं मला. रहिवाशाला कामाला जुंपतो म्हणून लेखी ताकीद दिली. जुंपतो! बाई, इथे बसल्या की त्या माणसात असतात. माझ्यावर खेकसतात. ‘मास्तर, कॉलर नीट काढा.’ येणारं प्रत्येक गाठोडं सोडून तपासतात. चादरीत गुंडाळून काय काय येतं म्हणून सांगू! चमचे, रिमोट. चौदा नंबरच्या आजोबांचा चष्मा नसता त्यांनी काढला, तर मशीनमध्ये चुरा झाला असता.”

“आणि नंबर?”

“प्रत्येक खोलीच्या कापडावर लाल दोऱ्याने नंबर शिवलाय. कापडावर जो, तोच पट्टीवर.”

म्हणजे चोरीचं पाप ज्या बाईच्या माथी मारलं होतं, ती दोन वर्षं लोकांच्या वस्तू वाचवत होती. बिनपगारी, आणि वर शिव्या खाऊन. जळीतबाईने मनातल्या वहीत ती नोंद लाल शाईने केली.

“सोमवारी काही वेगळं घडलं?”

काकांनी डोकं खाजवलं. “चिडल्या होत्या. ‘सकाळी धुऊन दिलेली खोळ दुपारी परत? हे काय गिऱ्हाईक आहे!’ म्हणून बडबडत होत्या. खरंच होतं. शून्य नंबरची खोळ मी सकाळीच वर पाठवली होती.”

“शून्य नंबर कुणाचा?”

काकांनी उत्तर दिलं. जळीतबाईने डोळे मिटले, आणि तिला बिनखोळीची उशी दिसली.

“त्या पेटीत काय आहे?”

“ताईंची पेटी. मी हात लावत नाही. लावला तर हातावर फटका बसतो.”

“मीही लावणार नाही,” ती म्हणाली. राखेला साक्षीदाराशिवाय हात लावायचा नाही, हा तिचा बत्तीस वर्षांचा नेम. आज झाकण उघडलं, तर उद्या मॅनेजर म्हणेल हिनेच आणून ठेवलं. “काका, फक्त उद्या अकरा वाजता वहिनीला इथे आणा. आणि आज कुलूप लावून किल्ली घरी न्या.”

“साहेबांनी बघितलं तर?”

“तेच तर हवंय.”

५

समितीच्या अध्यक्षा बारीक अंगाच्या, जाड भिंगांच्या, आणि तपासणीत मिळणारी बिस्किटं न खाणाऱ्या बाई होत्या. तेवढ्यावरून जळीतबाईला त्या पसंत पडल्या. गुरुवारी अकराला तिच्या आग्रहावरून सगळा लवाजमा तळघरात उतरला: अध्यक्षा, मॅनेजर, मागे पांढरीफटक सिस्टर.

अर्ध्या दारामागे वहिनी उभी होती. सकाळी गोळी नसते. पाठ ताठ, दंडाला दोरे, समोर पट्ट्यांचा गठ्ठा.

“हा प्रकार बघा!” मॅनेजर ओरडला. “ताकीद देऊनसुद्धा...”

“ताकीद नंतर द्या,” जळीतबाई म्हणाली. “आधी माझा हिशेब. खणातल्या सहा वस्तूंना खोल्यांचे नंबर बांधलेले आहेत. सहाही चादरींतून खाली आल्या, वहिनीने वाचवल्या, आठवडाभर न्यायला कुणी आलं नाही म्हणून आतल्या कपाटात, म्हणजे तिच्या खणात गेल्या. काउंटरचा नियम आहे तो. आता सातवी वस्तू. सोमवारी वही गेली, मंगळवारी पानं खणात. आठवडा कुठे गेला? पट्टी कुठे गेली? ही बाई बसचं तिकीटसुद्धा पट्टीशिवाय ठेवत नाही. आणि ती कागद चुरगळून ओला करेल? घडी मोडली तर तिला झोप लागत नाही.”

“विसराळू माणसांचं काही सांगता येत नाही हो,” मॅनेजर हसला.

“हीच तुमची चूक झाली. विसरलेलं माणूस कसं वागेल, याचं तुम्ही मनाने चित्र काढलं. पसारा, चुरगळा, ओल. हिची ओळखवही उघडली असती, तर पानं इस्त्री करून, नंबर बांधून ठेवली असती. सिस्टरला वही पाठ आहे, काकांना ही बाई पाठ आहे. त्या दोघांनी असं ढोबळ सोंग केलं नसतं. हे ज्याने केलं, त्याला ती ताई आहे की आजी, हेही माहीत नाही.”

मॅनेजरचं हसू जागच्या जागी वाळलं.

“आणि उरलेली वही?” अध्यक्षांनी विचारलं.

“मळक्या कपड्यांच्या पोत्यात. उकळत्या पाण्यातून लगदा होऊन निघाली असती, आणि ‘आजींनी धुण्यात टाकली’ म्हटलं की विषय संपला. ठेवणाऱ्याला एकच गोष्ट माहीत नव्हती. या काउंटरवर खिसे तपासतात.” ती फळकुटाकडे वळली आणि गिऱ्हाइकासारखी वाकली. “ताई, सोमवारी काही सापडलं का हो कपड्यांत?”

वहिनीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. ओळख नव्हती, व्यवहार होता. ती वाकली, पेटीचं झाकण उघडलं, आणि लांबोडकी, हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही फळकुटावर ठेवली. दोऱ्याने चौफेर बांधलेली. वर पांढरी पट्टी.

“शून्य नंबर,” वहिनी म्हणाली. “उशीच्या खोळीत होती. सकाळची धुतलेली खोळ दुपारी परत! शून्यवाल्यांना सांगा, असं चालत नाही.”

“शून्य नंबर म्हणजे?” अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं.

दोन वर्षं चोरून प्यायलेल्या चहाची सगळी हिंमत काकांनी गोळा केली. “साहेबांची विश्रांतीची खोली.”

“तिची किल्ली एकच आहे,” जळीतबाई म्हणाली. “शिस्त म्हणजे शिस्त.”

मॅनेजर झेपावला. “आजी, ती वही इकडे द्या!”

चट्ट! वहिनीची लाकडी फूटपट्टी त्याच्या मनगटावर बसली.

“पावती?”

“अहो, कसली पावती...”

“पावतीशिवाय वस्तू मिळत नाही. हरवली असेल तर खूण सांगा. आत काय आहे?”

“सांगा की,” जळीतबाई म्हणाली, आणि दोन दिवस दाबलेला सगळा संताप त्या तीन अक्षरांत उतरला. “तुमचाच नंबर आहे. आत काय आहे ते सांगा, आणि घेऊन जा.”

तो सांगणार कसा? मशीनमध्ये पाणी भरत राहिलं. मॅनेजर वहीकडे पाहत होता, वही त्याच्या हातापासून वीतभर होती, आणि त्याच्याने तोंड उघडवत नव्हतं.

“माझी आहे,” मागून आवाज आला.

सिस्टर पुढे आली. फळकुटापाशी येऊन ताईंसमोर उभी राहिली, बाकी कुणी नसल्यासारखी.

“पावती हरवली, ताई. खूण सांगते. हिरवा पुठ्ठा. शेवटच्या अठ्ठावीस पानांवर रोज दुपारी दोनची नोंद आहे. अकरा माणसांना शांत राहायची गोळी. गरजेनुसार असं लिहिलंय. रविवारीसुद्धा गरज, ज्यांनी दिवसभर तोंड उघडलं नाही त्यांचीसुद्धा गरज. डॉक्टरांची सही एकाही पानावर नाही. साहेब म्हणायचे, फोनवर झालंय बोलणं. मी विचारलं नाही. बायका कमी होत्या आणि माणसं शांत होती, म्हणून मी विचारलं नाही. प्रत्येक नोंदीपुढे माझी सही आहे.” तिने श्वास घेतला. “अकरांत पाचवं नाव तुमचं आहे, ताई.”

वहिनी लक्ष देऊन ऐकत होती. तिने वहीचा पुठ्ठा तपासला, मान हलवली, दोरा सोडला आणि वही सिस्टरच्या हातात दिली.

“बरोबर आहे. सांभाळा. पुन्हा हरवू नका.”

सिस्टरने ती अध्यक्षांना दिली. अध्यक्षांनी शेवटचं पान उघडलं, मग त्याच्या मागचं, मग त्याच्याही मागचं. चष्मा काढला. “ओळखवह्यांच्या कपाटाची किल्ली,” त्या मॅनेजरला म्हणाल्या. “आणि वरच्या मजल्याची. दोन्ही. आत्ता.”

साखळी सोडवताना त्याला बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

६

शुक्रवारी दुपारी कुणालाही वर नेलं नाही. भाच्याने फोनवर, “आत्या, मला काय माहीत होतं?” असं विचारलं. “विचारलंस का कधी?” एवढंच म्हणून जळीतबाईने फोन ठेवला. ती स्वतःही महिनाभर आली नव्हती. त्या रकान्यात तिचंही नाव होतं, आणि ते खोडायची सोय नव्हती.

मॅनेजरला घरी बसवलं होतं. सिस्टरची चौकशी लागली होती, आणि ती लागायलाच हवी होती. ओळखवह्या बावीस खोल्यांत परत गेल्या. पहिल्याच दिवशी एकीवर चहा सांडला, आणि तो डाग पाहून जळीतबाईला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. पण अकरा माणसांच्या नोंदीतल्या अठ्ठावीस दुपारी, म्हणजे तीनशे आठ दुपारी, कुठल्या पेटीत ठेवल्या होत्या? त्या कोणती खूण सांगून परत मागायच्या? जळीतबाईजवळ राग होता, आणि तो विझवायची तिला मुळीच घाई नव्हती.

तळघरात वाफ कोंदली होती. काकांच्या टेबलावर आता परवानगीचा कागद चिकटवला होता. गोळी बंद होऊन एकच दिवस झाला होता. वहिनीचा हात अजून थरथरत होता. दाराशी आलेल्या बाईला तिने ओळखलं नाही.

“काय आणलंय?”

जळीतबाईने कोट काढून फळकुटावर ठेवला. वहिनीने उजवा खिसा पाहिला, डावा पाहिला, आतल्या खिशातून बुधवारची अर्धी पट्टी काढली आणि डोळ्यांजवळ धरली.

“पेन आहे तुमचं,” ती म्हणाली. पेटीतून पेन आलं, पट्टीला पट्टी जुळवली गेली. मग तिने कोट हुंगला आणि नाक मुरडलं.

“धुराचा वास येतोय. कुठे काही जळलं का?”

निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत जळीतबाई कुठल्या आगीजवळ गेली नव्हती.

“हो, वहिनी. जळलं थोडं.”

“निघेल,” वहिनी म्हणाली. नवी पट्टी बांधली, अर्धी फाडून पुढे केली. “पुढच्या शुक्रवारी या. आणि पावती हरवू नका, वन्सं.”